सोवळ्यातला हौद

चहा ओतलाय, गार होऊ देऊ नका. आणि मधेच हसू नका. हसायची जागा आली की मीच सांगेन.

पेपर मिलमधला तो गुलाबी गुरुवार आता अर्ध्या जळगावला ठाऊक झालाय. परवा असोद्याची भाजीवाली मला विचारत होती, म्हणजे बघा! पण सांगणारा प्रत्येक जण पदरचं घालतो. मशीनवरचा सुपडू सांगतो तेव्हा मी पोतंभर कुंकू नेलेलं असतं. वॉचमनच्या गोष्टीत तर मी "जय श्रीराम" म्हणून हौदात उडीच घेतलेली असते. साफ खोटं! कुंकू एक करंडाभर होतं, आणि उडी नाही, मी नुसती वाकले होते. म्हणून म्हटलं, फजिती माझी आहे ना? मग ती सांगण्याचा मानही माझाच.

तर आमचे हे एका पेपर मिलमध्ये फोरमन आहेत. मिलमध्ये यांना सगळे नाना म्हणतात. छोटीशीच मिल आहे, गावाबाहेर. सव्वीस वर्षं तिथे एकच कागद निघायचा, तपकिरी, जाड, केळीची खोकी करतात ना, तो. आणि यावर्षी शेठच्या मनात आलं, पांढरा कागद काढायचा. वह्यांचा. त्यासाठी मशीनला नवीन जाळी आणली, कागद दाबणारे नवीन रोळ आणले, आणि शेवटी यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, तुमच्या भरवशावर करतोय. जमलं तर पांढऱ्याचं सगळं तुम्ही बघायचं. नाही जमलं तर मशीन परत तपकिरीवर, आणि तुम्ही परत रद्दीच्या यार्डात."

शेठ हसत हसत म्हणाले म्हणे. पण आमच्या यांनी ते हसत हसत ऐकलं नाही. तीन पोळ्या खाणारा माणूस दीड पोळीवर आला. वरणात मीठ नाही हे तीन दिवस यांच्या लक्षात आलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी यांनी नोकरीची सुरुवात त्याच यार्डात केली होती, रद्दीच्या गठ्ठ्यांवर, उन्हात. आता या वयात परत तिथे?

मग मी काय करणार? मी व्रतवाली बाई. लेकीचं लग्न जमेना तेव्हा सोळा सोमवार केले, सतराव्या सोमवारी पाहुणे आले. यांचा गुडघा दुखायचा, मी संकष्ट्या धरल्या. गुडघा थांबला. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, हे मी नाकारत नाही. पण गोळ्या आधीही चालूच होत्या की!

तर मी संकल्प सोडला. सव्वा लाख रामनाम लिहायचं. यांचा कागद पांढरा निघू दे.

रोज देवपूजा झाली की वही घ्यायची, निळ्या शाईचा पेन घ्यायचा आणि लिहायला बसायचं. निळी शाई, लक्षात ठेवा हं! पुढे या निळ्या शाईवरून मी चार पुरुषांशी भांडले आहे. बोटाला घट्टा पडला, पण एक ओळ वाकडी नाही. तेरा वह्या भरल्या. आणि बरोब्बर त्याच आठवड्यात मिलमधून पहिला पांढरा कागद निघाला! हे खिशात नमुना घेऊन आले. मी तो देवापुढे ठेवला, उजेडाला धरून बघितला. दुधाच्या सायीसारखा! त्या दिवशी यांनी अडीच पोळ्या खाल्ल्या.

आता उरलं उद्यापन. नाम लिहिलेल्या वह्यांचं विसर्जन करायचं असतं. कुठे करणार? महिना मे. गिरणेत पाणी शोधायला दुर्बीण लागते. तापीवर शाळेच्या मुलांनी पाटी लावलीय, नदीत निर्माल्य टाकू नका. आणि बरोबर आहे मुलांचं! तापीमाईच्या पोटात मी तेरा वह्यांच्या पिना का घालू? तुळशीत पुराव्या म्हटलं तर आमची तुळस दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, कुंडीत. एक वही पुरली तर तुळशीला बाहेर काढावं लागेल.

हे म्हणाले, "दे माझ्याकडे. मिलमध्ये हौदात टाकतो. लगदा होईल, नवीन कागद होईल. यापेक्षा चांगलं विसर्जन कोणतं?"

मला इतका आनंद झाला! नामाचा कागद, कागदाचा लगदा, लगद्याचा परत कागद. पुनर्जन्मच की! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता मी सहज विचारलं, "कोणत्या हौदात हो?"

"रद्दीच्या."

"त्यात काय काय पडतं?"

हा माणूस खोटं बोलत नाही, हीच पंचाईत आहे. "जुने पेपर, फुटकी खोकी, चपलांचे डबे, अंड्यांचे ट्रे..."

"अंड्यांचे?"

"अगं, कागदाचेच असतात ते."

"रामनाम अंड्यांच्या ट्रेबरोबर?"

"पाण्यात सगळं एकच होतं."

"तुमच्या पाण्यात होत असेल. माझ्या नाही."

आता तुम्ही म्हणाल, बाई हट्टी आहे. आहेच! पण मला दुसऱ्या हौदाची माहिती होती, आणि ती यांनीच दिली होती. मागच्या दिवाळीत मी करंज्या करत होते. करंजीची कड कातण्याने कापली की उरलेली पट्टी आपण काय करतो? परत गोळ्यात घालून मळतो. हे शेजारी पेपर वाचत बसले होते, ते म्हणाले, "आमच्याकडे अस्संच असतं बघ. कागदाच्या दोन्ही कडा कापल्या जातात, कधी मधेच कागद तुटतो, त्याला आम्ही ब्रोक म्हणतो. तो टाकून नाही देत. मशीनच्या टोकाला वेगळा हौद आहे. घरचाच कागद घरच्याच हौदात, आणि परत मशीनवर."

"म्हणजे बाहेरची रद्दी त्यात नाही जात?"

"छे! एक कपटा नाही. तो हौद आम्ही जपतो."

बघा! स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एक हौद गावाचा, एक घरचा. एक ओवळा, एक सोवळा. मला वेगळं काही समजायला जागाच नव्हती.

"मग त्या घरच्या हौदात टाका ना माझ्या वह्या," मी आता यांना म्हटलं.

हे वर्तमानपत्र खाली ठेवून, बोट वर करून म्हणाले, "त्या हौदाचं नाव काढायचं नाही. त्यात बाहेरचं काही चालत नाही."

बाहेरचं! रामनाम बाहेरचं! ज्या नामाने कागद पांढरा निघाला ते नाम बाहेरचं, आणि कागदाच्या कडा तेवढ्या घरच्या! पण मी गप्प बसले. मी गप्प बसले की यांना वाटतं मला पटलं. तीस वर्षं झाली लग्नाला, अजून तसंच वाटतं.

गुरुवारी सकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. म्हणाले, "आज धुळ्याचे अप्पा येतायत." अप्पा म्हणजे वह्यांचे मोठे कारखानदार. धुळ्यापासून पुढे सगळीकडे त्यांच्या वह्या जातात. "मशीन चालू असताना समोर उभं राहून कागद बघणार. आज पसंत पडला तर ऑर्डर. नाही तर..." चप्पल उलट्या पायात घातली, मग सुलट घातली, आणि गेले.

मग मला सांगा, उद्यापनाला याहून चांगला मुहूर्त कोणता? गुरुवार, त्यात फळ मिळायचा दिवस! आणि नेमक्या त्याच दिवशी वह्या घरात पडून? अर्धवट व्रत हे अर्धवट शिजलेल्या भातासारखं असतं. बाधतं.

मी पाट मांडला. तेरा वह्या रचल्या. लाल सुती कापड आणलं, कोरं करकरीत, कारण पूजेला धुतलेलं चालत नाही. हळद वाहिली. कुंकू वाहिलं, आणि हात आखडता कशाला घ्यायचा म्हणून सगळा करंडाच रिकामा केला. मूठभर अक्षता, सुपारी, हळकुंड, रुपया. गाठ मारली. दुसऱ्या पिशवीत प्रसादाच्या शिऱ्याचा डबा घेतला आणि रिक्षा केली.

मिलमध्ये मला कोण अडवणार? वॉचमनने शिऱ्याच्या वासावर गेट उघडलं. हे शेठबरोबर ऑफिसात होते. मशीनवर सुपडू होता. सुपडू यांचा उजवा हात. धुळ्याकडचा आहे, घरी-दारी सगळीकडे त्याची अहिराणीच चालते.

"अक्का! तुम्ही आठे?"

"प्रसाद आणलाय रे. काय छान कागद निघतोय!"

आणि निघतच होता हो! एका टोकाला ताकासारखं पांढरं पाणी जाळीवर पडत होतं आणि दुसऱ्या टोकाला वाफेच्या रोळांवरून लांबच लांब पांढरं धोतर उलगडत येत होतं. त्या धोतराच्या टोकाशी, जमिनीतच एक चौकोनी तोंड होतं. कापलेल्या कडा सुळकन त्यात जात होत्या.

"हा कोणता हौद रे?" मी विचारलं. विचारलं आपलं, खात्री म्हणून.

"हाऊ आपला घरना, अक्का. आठे फक्त घरना कागद जास. बाहेरना काहीच नहीं."

"चपलांचे डबे?"

"नहीं नहीं!"

"अंड्यांचे ट्रे?"

"राम राम, अक्का!"

झालं! त्याच्या तोंडून रामाचं नाव निघालं. आणखी कौल कोणता हवा होता?

"सुपडू, हात धुऊन ये आणि आधी गरम शिरा खा."

सुपडू नळाकडे गेला. मी वाकले. पुन्हा सांगते, वाकले! गाठोडं कपाळाला लावलं आणि सोडलं. कापडासकट. आता तुम्ही म्हणाल, कापड तरी सोडायचं. देवाला निरोप देताना अंगावरची वस्त्रं काढून घेतात का? खाली पाणी गरगर फिरत होतं, तापीच्या भोवऱ्यासारखं. गाठोडं दोनदा वर आलं, तिसऱ्यांदा आलं नाही. मी हात जोडले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग मी ऑफिसात जाऊन बसले. मला बघून हे दचकले. मी म्हटलं, "प्रसाद आणलाय." शेठ खूश. धुळ्याचे अप्पा आलेलेच होते, उंच, सडसडीत, आणि चेहरा असा की हसू म्हणजे जणू उधळपट्टी. त्यांनी शिऱ्याचा घास घेतला आणि म्हणाले, "वेलची बरी आहे." शेठ माझ्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, यांनी कशालाही बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय."

बघा, सगळं जुळून येत होतं. चहा झाला. अप्पा म्हणाले, "चला, मशीन दाखवा." सगळे उठले, आणि तेवढ्यात दारात सुपडू! डोळे बशीएवढे.

"नाना! कागद गुलाबी व्हयी गया!"

"काय?"

"गुलाबी!"

"सगळा?"

"बठ्ठा! मी काहीच नहीं करं, मायनी आन!"

आम्ही धावलो. आणि काय सांगू, ते लांबच लांब पांढरं धोतर आता गुलाबी झालं होतं! भडक नाही हं. नव्या नवरीच्या गालासारखं. खोटं कशाला बोलू, दिसत सुंदर होतं.

हे ओरडले, "तोडा! तोडा तो! टाका हौदात!" कारण खराब कागद निघाला की काय करायचं हे यांच्या हातांना सव्वीस वर्षांत पाठ झालंय. चार माणसांनी गुलाबी कागद ओढला, तोडला आणि टाकला. कुठे? त्याच घरच्या हौदात! हौदातून टाकीत, टाकीतून मशीनवर, आणि पाचदहा मिनिटांनी परत गुलाबी!

"तोडा! टाका हौदात!"

परत गुलाबी. आधीपेक्षा जरा जास्तच.

बाकी कोणाला काही सुचत नव्हतं. मला मात्र सुचलं. सव्वा लाख नाम, आज उद्यापन, आणि कागदाला कुंकवाचा रंग! माझ्या अंगावर काटा आला. मी दोन्ही हात वर केले आणि म्हटलं, "अहो, तोडू नका! देवाने पावती दिलीय!"

सुपडूने ते ऐकलं आणि जागच्या जागी लोटांगण घातलं. "देव पावना, अक्का!" मग उठला, धावत गेटवरच्या मारुतीपुढचा नारळ आणला आणि मशीनच्या पायावर फोडला. वॉचमन मारुतीचाच शेंदूर घेऊन आला आणि रोळाच्या खांबाला बोटं ओढायला लागला. त्यातला अर्धा कागदावर उडाला. गुलाबीवर केशरी ठिपके!

"अरे थांबा रे!" हे ओरडतायत. अप्पा हात मागे बांधून उभे. शेठ अप्पांना समजावतायत, "अप्पा, मुलांना रंगीत वह्या आवडतात हल्ली..."

अप्पांनी खिशातून भिंग काढलं. गुलाबी कागदाचा एक तुकडा उजेडाला धरला. बराच वेळ बघत राहिले. मग नखाने काहीतरी टोकरलं.

"यात तांदूळ आहे," ते म्हणाले.

"डिझाईन असेल," शेठ म्हणाले.

"शिजलेला आहे."

वाफेच्या रोळांवर शिजून चपटा झालेला, हळद लागलेला, माझ्या मुठीतला तांदूळ! हे सावकाश वळले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात प्रश्न विचारायला तोंड लागत नाही.

मला अजूनही पटलं नव्हतं, बरं का! मी म्हटलं, "माझी शाई निळी होती."

"कसली शाई?" शेठ म्हणाले.

"सगळं निळ्याने लिहिलंय. तेराच्या तेरा वह्या. त्यातून गुलाबी कसा येईल? तुम्हीच सांगा!"

मशीन थांबवलं. हौद रिकामा करायला घेतला. तळाशी एक जाळी असते, कागद नसलेल्या गोष्टी अडकवणारी. सुपडूने तिच्यात हात घातला आणि एकेक वस्तू वर काढून मोठ्याने नाव सांगायला लागला.

"हाई सुपारी शे."

शेठ वाकून बघायला लागले.

"हाई हळकुंड शे."

हे डोक्याला हात लावून तिथेच गठ्ठ्यावर बसले.

"हाऊ रुपया शे. आनि हाई..." त्याने लांबलचक काहीतरी ओढलं. लाल कापड! पण आता ते लाल नव्हतं, पार पांढरंफटक! त्याचा सगळा रंग कागदाने घेतला होता. नेसत्या वस्त्रानिशी पाठवलं आणि त्याचंच हे झालं! दुकानदार म्हणाला होता, "ताई, पक्का रंग." त्या दुकानदाराला मी नंतर भेटले, तो किस्सा वेगळाच आहे.

शेठचा चेहरा आता कागदापेक्षा गुलाबी झाला होता. "नाना, तुमच्या भरवशावर केलं होतं हे सगळं. तुमच्याच हौदात..."

आणि हे काही बोलेनात. "बायकोने केलं" एवढं तरी म्हणावं की नाही माणसाने? नाही. खाली मान घालून बसले. त्या वाकलेल्या मानेकडे बघितलं आणि मला दिसलं यार्ड. ऊन, रद्दीचे गठ्ठे, आणि त्यावर बसलेला माझा नवरा.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला आणि शेठच्या समोर उभी राहिले.

"शेठ, त्यांना काही बोलायचं नाही. टाकलं ते मी टाकलं. त्यांनी मला बजावलं होतं, त्या हौदाचं नाव काढू नकोस. मी ऐकलं नाही, ती माझी चूक. पण मला एक सांगा, करंजीची कड गोळ्यात परत घालताना त्यात चुकून एक वेलची पडली तर काय स्वयंपाकिणीचा हात कापतात? गोळा बाजूला ठेवतात आणि दुसरी कणीक भिजवतात! सकाळी मी स्वतः बघितलंय, या मशीनवर दुधासारखा कागद निघत होता. तो यांनी काढलाय. हा गुलाबी तेवढा माझा! आणि अप्पा," आता मी त्यांच्याकडे वळले, कारण एकदा पदर खोचला की अर्ध्यावर सोडता येत नाही, "तुम्ही पांढरा न बघता धुळ्याला परत गेलात तर तो न्याय नाही. एका बाईचं कुंकू बघून तुम्ही तिच्या नवऱ्याचा कागद ठरवणार?"

सुपडूच्या हातातला रुपया खाली पडून वाजला.

अप्पांनी भिंग खिशात ठेवलं. मला म्हणाले, "बाई, किती लिहिलं होतं?"

"सव्वा लाख."

"एकही ओळ वाकडी नाही?"

"एकही नाही."

तांदूळवाला तो कागदाचा तुकडा घडी करून त्यांनी खिशात टाकला. मग शेठना म्हणाले, "गुरुवारी परत येतो. हौद धुऊन ठेवा. आणि ह्या बाईंना..." मला वाटलं, म्हणतील मिलमध्ये येऊ देऊ नका. म्हणाले, "ह्या बाईंना शिरा करायला सांगा. पण हातात द्यायला सांगा."

तर आठ दिवस यांनी आणि सुपडूने हौद धुतला, टाक्या धुतल्या, नळ धुतले, जाळ्या धुतल्या. मी रोज तिथे डबा पाठवला आणि रोज डब्यात माफीची चिठ्ठी ठेवली, पांढऱ्या कागदावर. आणि तो सगळा गुलाबी लगदा कुठे गेला माहितेय? विचारा ना! रद्दीच्या हौदात! त्याच, चपलांच्या डब्यांच्या आणि अंड्यांच्या ट्रेच्या. तपकिरीत गेलं की कोणताही रंग बुडतो म्हणे. माझं सोवळ्यातलं रामनाम शेवटी जिथे यांनी पहिल्याच दिवशी टाकायला काढलं होतं तिथेच जाऊन पडलं, फक्त आठ दिवस उशिरा आणि मिलभर बोभाटा करून. त्याची केळीची खोकी झाली. मला आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, का वाटायचं? आपली केळी पार दिल्लीपर्यंत जातात. म्हणजे माझं नामही गेलं. तापीने तरी एवढ्या लांब नेलं असतं का?

पुढच्या गुरुवारी अप्पा आले. कागद निघाला. पांढरा! भिंगातून बघितला, उजेडाला धरला, जिभेच्या टोकाला लावला. "बरा आहे," म्हणाले. झाली ऑर्डर! यांनी घरी येऊन तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी मागितली.

मी म्हटलं, "फळलं की नाही माझं व्रत?"

हे म्हणाले, "उद्यापन केलं नसतंस तर आठ दिवस आधी फळलं असतं."

आता हसा. इथे हसायला परवानगी आहे.

तेवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण शेठनी फर्मान काढलं, घरच्या हौदाजवळ पाटी लावा. "या हौदात पूजेचे साहित्य टाकू नये." आणि पेंटर कशाला बोलवायचा? म्हणे, वहिनींचं अक्षर सुंदर आहे, सव्वा लाख वेळा घोटलेलं. त्यांच्याकडूनच लिहून घ्या!

माझा गुन्हा आणि माझंच अक्षर! मी म्हटलं, देते. मी काय घाबरते? पांढरी पाटी घेतली, निळा रंग घेतला. ओळी आखल्या. असं झोकदार लिहिलं म्हणून सांगू, येणारा-जाणारा थांबून वाचेल! फक्त एक झालं. रोजची सवय हो हाताला. कोणतंही लिखाण सुरू करताना आधी वर, मधोमध, दोन्ही बाजूंना दोन दोन उभ्या रेघा देऊन "श्रीराम" लिहिलं गेलं. आता लिहिलेलं रामनाम मी पुसणार होते का? ठेवलं तसंच. पाटी लागली.

काल हे मिलमधून आले. डबा ओट्यावर ठेवला. पाय धुतले. खुर्चीत बसले आणि छताकडे बघत म्हणाले, "आज कागद पिवळा निघाला."

"अगं बाई! आता काय झालं?"

"सगळ्या पाळ्यांची माणसं तुझ्या पाटीच्या पाया पडून मगच कामाला लागतात. आज सुपडूने तिला झेंडूचा हार घातला होता. ओघळून हौदात पडला."